फुल बॅकअप किती दिवस, इन्क्रिमेंटल किती दिवस? मुदती ठरवण्याची रीत

छोट्या ऑफिसांमध्ये एक स्क्रिप्ट हमखास सापडते. दर महिन्याच्या १ तारखेला रात्री टार ही कमांड वापरून फुल बॅकअप (सगळ्या फाइल्सची प्रत), बाकीच्या रात्री इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या फाइल्स) आणि शेवटी एक ओळ: ३० दिवसांहून जुन्या फाइल्स डिलीट करा. वाचायला सगळं बरोबर वाटतं. आता १ एप्रिलच्या रात्री काय होतं ते बघा. १ मार्चची फुल फाइल ३१ दिवसांची झालेली असते, म्हणून ती उडते. २ ते ३१ मार्चच्या तीस इन्क्रिमेंटल फाइल्स डिस्कवर तशाच राहतात आणि फोल्डर भरलेला दिसतो. पण त्या तीसांतून एकाही दिवसाचा सर्व्हर पुन्हा उभा करता येत नाही, कारण प्रत्येकीत फक्त आदल्या रात्रीनंतर बदललेल्या फाइल्स आहेत आणि ज्यावर त्या बसवायच्या ती फुल फाइल गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसकडे कामाचा बॅकअप एकच उरतो, रात्रीच घेतलेला. मार्चमध्ये बिघडलेली फाइल त्यातही बिघडलेलीच असते.

ही चूक पुन्हा पुन्हा होते, कारण मुदत एकेका फाइलला लावली जाते. ती लावायची असते एकमेकांवर अवलंबून असलेल्या बॅकअपच्या अख्ख्या साखळीला. ही साखळी नीट मांडली की फुलला किती दिवस, इन्क्रिमेंटलला किती दिवस हे आकडे साध्या बेरजेने निघतात.

पायरी १: साखळी कागदावर काढा

फुल बॅकअप स्वतःच्या पायावर उभा असतो. डिफरन्शियलमध्ये शेवटच्या फुलनंतर बदललेलं सगळं असतं, म्हणून त्याला फक्त ती फुल लागते. इन्क्रिमेंटलमध्ये त्याच्या लगेच आधीच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच असतं, मग तो आधीचा बॅकअप कुठल्याही प्रकारचा असो. त्यामुळे तिला मागची सगळी रांग लागते.

या लेखात एकच वेळापत्रक धरू: महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री फुल, बाकीच्या रविवारी डिफरन्शियल, सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल. महिन्यातल्या तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारची स्थिती परत आणायची असेल तर काय काय लागेल ते लिहून काढा: पहिल्या रविवारची फुल, तिसऱ्या रविवारची डिफरन्शियल, मग सोमवार, मंगळवार, बुधवार आणि गुरुवारच्या इन्क्रिमेंटल. एकूण सहा तुकडे. मधली मंगळवारची इन्क्रिमेंटल नसेल तर मंगळवारी बदललेल्या आणि नंतर कोणी हात न लावलेल्या फाइल्स जुन्याच परत येतील, आणि बहुतेक वेळा हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. फुलच नसेल तर विषयच संपला.

डिफरन्शियल नसलेलं वेळापत्रकही चालतं, पण मग महिनाअखेरच्या रिस्टोअरला तीसहून जास्त तुकडे एकामागून एक लागतात आणि त्यातला एक खराब निघाला तरी पुढचं सगळं संशयात जातं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आठवड्याची डिफरन्शियल ठेवावीच. तिला जागा फार लागत नाही आणि साखळी आखूड राहते.

पायरी २: किती मागे जायचंय ते आधी ठरवा

इथे सॉफ्टवेअर बाजूला ठेवा आणि ऑफिसमधल्या माणसांना एक प्रश्न विचारा: फाइल बिघडली किंवा चुकून डिलीट झाली तर ते तुमच्या लक्षात किती दिवसांनी येतं? उत्तर विभागागणिक वेगळं मिळतं. रोज उघडल्या जाणाऱ्या एक्सेल शीटचं दुसऱ्याच दिवशी कळतं. हिशेबातली गडबड रिटर्न भरताना सापडते. दरमहा जीएसटी भरणाऱ्याचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला आणि ३बी २० तारखेला देय असतं. म्हणजे महिन्याच्या २ तारखेला झालेली चूक पन्नासेक दिवसांनी उजेडात येऊ शकते. तिमाही भरणाऱ्यांना त्याहून उशीर. वर्षातून एकदाच उघडणाऱ्या फाइल्स, म्हणजे वार्षिक ताळेबंद, पगारवाढीचे तक्ते, जुन्या निविदा, यांचं बारा महिन्यांनी कळतं.

यातून तीन टप्पे निघतात आणि बहुतेक छोट्या ऑफिसांना ते पुरतात:

मागच्या ३० दिवसांतला कुठलाही दिवस.
मागच्या ९० दिवसांतला कुठलाही आठवडा.
मागच्या वर्षातला कुठलाही महिना.

हे तीन आकडे मालकाकडून किंवा हिशेबनीसांकडून लेखी घ्या. ‘सगळं कायम ठेवा’ असं उत्तर आलं तर डिस्कचा खर्च मांडून पुन्हा विचारा. शिवाय माणसांची वैयक्तिक माहिती काम संपल्यावर पुसून टाकावी अशी अपेक्षा २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. त्यामुळे नोकरी सोडून गेलेल्यांच्या आधार कार्डांच्या प्रती बॅकअपमध्ये वर्षानुवर्षं पडून राहणं बरं नाही.

कायद्याची आठ वर्षं इथे आणू नका

कंपनी कायदा २०१३च्या कलम १२८प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षांची जपावी लागतात. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. हे आकडे वाचून काही जण फुल बॅकअपची मुदतच आठ वर्षांवर नेऊन ठेवतात. ते करू नये. बॅकअप हा चालत्या सर्व्हरची जुनी स्थिती परत आणण्यासाठी असतो, आणि आठ वर्षांपूर्वीची फुल उघडायला त्या वेळचंच सॉफ्टवेअर, पासवर्ड आणि कॅटलॉग (कुठल्या बॅकअपमध्ये कुठली फाइल आहे त्याची नोंदवही) लागतो. कायद्यासाठीचं जतन वेगळं करा: लेखापरीक्षण झालं की त्या वर्षाचा टॅलीचा डेटा, पीडीएफमधले अहवाल आणि भरलेल्या रिटर्नच्या प्रती एका फोल्डरमध्ये काढा, त्याची चेकसम यादी (फाइल जराही बदलली की बदलणारे आकडे) बनवा आणि दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवा. दरवर्षी त्या डिस्का जोडून चेकसम जुळतात का ते बघा.

कंपन्यांना मात्र एक बंधन बॅकअपचंच आहे. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा, असं २०२२पासूनचा नियम सांगतो. आधी तो ‘ठरावीक कालावधीने’ असा होता. म्हणून परदेशी क्लाउडवर प्रत ठेवत असाल तरी एक प्रत इथेच हवी.

पायरी ३: बेरीज

आता मुख्य काम. नियम एवढाच: जो बॅकअप दुसऱ्याला आधार देतो, त्याची मुदत म्हणजे त्याच्यावर उभ्या असलेल्या शेवटच्या बॅकअपची मुदत, अधिक त्या दोघांमधलं अंतर.

इन्क्रिमेंटलपासून सुरुवात करू. ३० दिवसांपूर्वीच्या शनिवारची स्थिती हवी तर त्याच आठवड्याच्या सोमवारची इन्क्रिमेंटल लागते, आणि ती ३५ दिवस जुनी असते. एक दिवस सुरक्षेला धरून ३६. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस बंद असतं आणि चूक सापडायला आठवडा उशीर होतो, म्हणून ४० धरा. इन्क्रिमेंटलला जागा इतकी कमी लागते की इथे चार दिवस वाचवण्यात काही हशील नाही.

डिफरन्शियल दुसऱ्या डिफरन्शियलवर अवलंबून नसते, त्यामुळे तिला सरळ ९० दिवस. वर थोडी सैल ठेवून १००. इन्क्रिमेंटलच्या ४० दिवसांपेक्षा ही मुदत जास्त आहे ना, एवढं तपासा. आहे.

फुलची गोष्ट वेगळी. महिन्यातली शेवटची डिफरन्शियल पहिल्या रविवारनंतर जास्तीत जास्त २८ दिवसांनी येते. ती ९० दिवस टिकवायची तर फुल ९० अधिक २८, म्हणजे किमान ११८ दिवस हवी, आणि डिफरन्शियलला १०० दिवस दिले असतील तर १२८. वर्षभराचे महिने नको असतील तरी याच्या खाली जाता येत नाही. आपल्याला वर्षभर मागे जायचंय, म्हणून ३६५ अधिक एका फेरीचे (दोन फुलमधल्या जास्तीत जास्त अंतराचे) ३५, एकूण ४०० दिवस. यात १२८ आपोआप बसतात.

उत्तर: इन्क्रिमेंटल ४०, डिफरन्शियल १००, फुल ४०० दिवस.

डिफरन्शियल नसलेल्या वेळापत्रकात हेच गणित जास्त कडक होतं. महिन्याला एक फुल आणि रोज इन्क्रिमेंटल असेल, आणि ३० दिवस हवे असतील, तर महिन्याच्या शेवटच्या इन्क्रिमेंटलला पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या लागतात. तिथे इन्क्रिमेंटल आणि फुल दोघांनाही ३० अधिक ३५, म्हणजे ६५ दिवस द्यावे लागतात. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ३०च्या जागी ६५ लिहिलं तर ती वाचते. त्याहून चांगला उपाय म्हणजे दर महिन्याची फुल आणि तिच्या इन्क्रिमेंटल एकाच फोल्डरमध्ये ठेवायच्या, आणि फोल्डरमधली सगळ्यात नवी फाइल ३० दिवसांहून जुनी झाली की अख्खा फोल्डर काढायचा. नवी फुल यशस्वी झाल्याची खात्री होण्याआधी जुनं काहीही काढायचं नाही. डिलीटची ओळ बॅकअपच्या ओळीच्या खाली असणं पुरेसं नाही, बॅकअप फसला तर ती ओळ चालताच कामा नये.

पायरी ४: डिस्क किती लागेल

उदाहरण म्हणून असा फाइल सर्व्हर घ्या: फुल बॅकअप कॉम्प्रेस होऊन ३०० जीबी, रोजचा बदल ६ जीबी, डिफरन्शियल सरासरी ४५ जीबी. तुमचे आकडे वेगळे असतील, ते अंदाजाने घेऊ नका. आठवडाभर बॅकअप चालवा आणि लॉगमधून उचला.

४०० दिवसांत पहिले रविवार जास्तीत जास्त १४ येतात. एक जागा हाताशी ठेवून १५ फुल. १५ गुणिले ३००, म्हणजे ४,५०० जीबी. १०० दिवसांत फुलचे रविवार वजा जाता डिफरन्शियल जास्तीत जास्त १२, एक जास्तीची धरून १३. गुणिले ४५, म्हणजे साधारण ६०० जीबी. इन्क्रिमेंटल आठवड्याला ३६ जीबी, आठ आठवड्यांची जागा धरली तर ३०० जीबीच्या आत. एकूण ५,४०० जीबी.

आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. जवळजवळ सगळी जागा फुल खाते. इन्क्रिमेंटल ४०वरून २० दिवसांवर आणली तर शे-सव्वाशे जीबी वाचतील, पण रोजच्या चुका दुरुस्त करायची सोय निम्मी होईल. तेच वर्षाऐवजी सहा महिन्यांच्या फुल ठेवल्या तर सातएक फुलची, म्हणजे दोन टीबीच्या वर जागा सुटते. डिस्क कमी पडत असेल तर कात्री इथेच लावावी, पण १२८ दिवसांच्या खाली कधीच नाही.

८ टीबी म्हणून विकलेली डिस्क कॉम्प्युटरला ७.३च्या आसपास दिसते. ५.४ टीबी त्यात बसतात आणि चौथा हिस्सा मोकळा राहतो. तो मोकळाच ठेवा. ऑफिसमध्ये सीसीटीव्हीचं फुटेज किंवा ड्रोनचे व्हिडिओ एकदम येऊन पडले की एकच डिफरन्शियल दीडशे जीबीची होते.

पायरी ५: बॅक्युलात हे आकडे बसवणं

बॅक्युला आणि त्याच्यापासून फुटून निघालेलं बेरिओस ही मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहेत. मुदतींचा हिशेब त्यात उघडपणे मांडलेला असतो, म्हणून शिकायलाही चांगली. खाली सेटिंगची नावं देवनागरीत दिली आहेत, कॉन्फिग फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजीत लिहायची.

बॅक्युला बॅकअप ‘व्हॉल्यूम’ नावाच्या फाइल्समध्ये लिहितं, व्हॉल्यूमच्या गटाला ‘पूल’ म्हणतं आणि बॅकअपच्या एका फेरीला ‘जॉब’. आधी तीन वेगळे पूल करा: फुल, डिफ आणि इन्क. सगळे प्रकार एकाच पूलमध्ये टाकू नका. मुदत पूलमधल्या व्हॉल्यूमला लागते, आणि एकाच व्हॉल्यूममध्ये फुल आणि इन्क्रिमेंटल शेजारी बसले तर दोघांना वेगळी मुदत देताच येत नाही.

फुल पूलमध्ये व्हॉल्यूम रिटेन्शन ४०० दिवस, मॅक्सिमम व्हॉल्यूम जॉब्ज १, मॅक्सिमम व्हॉल्यूम्स १५.

डिफ पूलमध्ये १०० दिवस, १ आणि १३.

इन्क पूलमध्ये ४० दिवस, व्हॉल्यूम यूज ड्युरेशन ६ दिवस, मॅक्सिमम व्हॉल्यूम्स ८.

तिन्हींत ऑटोप्रून (मुदत संपलेल्या नोंदी आपोआप काढणं) आणि रिसायकल (तो व्हॉल्यूम पुन्हा वापरणं) ‘येस’, आणि नवे व्हॉल्यूम आपोआप तयार व्हावेत म्हणून लेबल फॉर्मॅट. बॅकअप एकाहून जास्त मशीनचा असेल तर फुल आणि डिफमध्येही जॉबची संख्या न घालता यूज ड्युरेशन १ दिवस ठेवणं सोयीचं पडतं.

इन्क पूलमधले सहा दिवस मुद्दाम आहेत. सोमवारी रात्री नवा व्हॉल्यूम सुरू होतो, शनिवारी रात्री तो पाच दिवसांचा असतो, पुढच्या सोमवारी सात दिवसांचा होऊन बंद पडलेला. म्हणजे एका आठवड्याच्या सहा इन्क्रिमेंटल एका फाइलमध्ये येतात आणि एकदमच जातात. बॅक्युला व्हॉल्यूमची मुदत शेवटच्या लिखाणापासून मोजतं, त्यामुळे सोमवारची इन्क्रिमेंटल शनिवारपासून चाळीस दिवस टिकते. साखळी मधूनच तुटण्याचा प्रश्नच उरत नाही.

मुदत महिन्यांत लिहू नका. बॅक्युलात महिना म्हणजे ३० दिवस. ‘१२ महिने’ लिहिलंत तर ३६० दिवस मिळतात आणि वर्षाला पाच दिवस कमी पडतात. दिवसच लिहा.

आता क्लायंटच्या, म्हणजे ज्या मशीनचा बॅकअप घ्यायचा तिच्या, भागात या. तिथे फाइल रिटेन्शन आणि जॉब रिटेन्शन अशा आणखी दोन मुदती असतात आणि नवखा माणूस त्या तशाच सोडून देतो. मूळ आकडे फाइलसाठी ६० आणि जॉबसाठी १८० दिवस आहेत. जॉबची नोंद कॅटलॉगमधून गेली आणि व्हॉल्यूममध्ये दुसरा कुठला जॉब उरला नाही की तो व्हॉल्यूम मोकळा समजला जातो. म्हणजे तुम्ही फुलला ४०० दिवस दिलेत तरी १८० दिवसांनंतर तिच्यावर पुन्हा लिहिलं जाऊ शकतं! व्हॉल्यूम आणि जॉब या दोन मुदतींतली लहान तीच खरी. म्हणून जॉब रिटेन्शन ४०० किंवा जास्त ठेवा.

फाइल रिटेन्शन संपली तर डेटा जात नाही, पण आतल्या फाइल्सची नावं कॅटलॉगमधून जातात. मग एकच वर्ड फाइल निवडून काढता येत नाही, अख्खा जॉब उतरवून घ्यावा लागतो. ३०० जीबी उतरवून त्यातून एक पत्र शोधायचं, हे कोणालाच नको. फाइल रिटेन्शनही ४०० ठेवा. कॅटलॉगचा डेटाबेस त्याने मोठा होतो: सर्व्हरवर पाच लाख फाइल्स असतील तर १४ फुलच्या ७० लाख ओळी होतात. पोस्टग्रेएसक्यूएलला हे जड नाही. कॅटलॉगचाही बॅकअप रोज, इतर सगळे जॉब संपल्यानंतर घ्या.

पायरी ६: बदल लागू झाला का ते बघा

कॉन्फिग बदललं, रीलोड केलं, तरी आधीपासून असलेल्या व्हॉल्यूमना जुनीच मुदत राहते. पूलमधले आकडे फक्त नव्या व्हॉल्यूमना लागतात. बी-कन्सोलमध्ये (बॅक्युलाला कमांड द्यायच्या खिडकीत) अपडेट कमांड देऊन पूलमधल्या सगळ्या व्हॉल्यूमना पूलची नवी मूल्यं लावण्याचा पर्याय निवडावा लागतो. ही पायरी विसरली जाते आणि महिन्याभराने ‘मुदत चाळीस दिली तरी जुने व्हॉल्यूम का सुटत नाहीत’ असा प्रश्न येतो.

व्हॉल्यूमची यादी काढा आणि रिटेन्शनचा रकाना वाचा. तो सेकंदांत असतो. ४० दिवस म्हणजे ३४५६०००. १०० दिवस म्हणजे ८६४००००. ४०० दिवस म्हणजे ३४५६००००. चाळीस आणि चारशेमध्ये फरक फक्त शेवटच्या एका शून्याचा आहे, डोळे नीट उघडे ठेवून वाचा. इन्कच्या व्हॉल्यूमसमोर ३१५३६००० दिसलं तर ते ३६५ दिवस झाले. हा बॅक्युलाचा मूळ आकडा आहे, तुमचा बदल तिथपर्यंत पोचलेलाच नाही.

कुठे कुठे फसतं

डिस्क भरते आणि मुदत संपलेले व्हॉल्यूम तसेच दिसतात. हा बिघाड नव्हे. मुदत संपली म्हणजे व्हॉल्यूमवर पुन्हा लिहायला परवानगी मिळाली, एवढाच अर्थ. फाइल लगेच लहान होत नाही. म्हणूनच वर जागेचा हिशेब मॅक्सिमम व्हॉल्यूम्स धरून केला. ती मर्यादा न घालता लेबल फॉर्मॅट चालू ठेवला तर व्हॉल्यूमची संख्या वाढत जाते आणि एक दिवस डिस्क काठोकाठ भरते.

पहिल्या रविवारी फुल झालीच नाही. वीज गेली, यूपीएस बसला, कोणीतरी सर्व्हर बंद करून गेलं. मग सोमवारची इन्क्रिमेंटल गेल्या महिन्याच्या फुलवरच पुढे चढते आणि ३५ दिवसांची साखळी ६३ दिवसांची होते. फुल ४०० दिवस ठेवली आहे म्हणून निभावतं. ज्यांनी १२८वर आणून ठेवली त्यांची बेरीज मात्र चुकते. जॉबमध्ये रीरन फेल्ड लेव्हल्स ‘येस’ करा, म्हणजे फसलेल्या फुलच्या जागी पुढचा जॉब फुल होईल. जो जॉब सुरूच झाला नाही त्यासाठी मॅक्स फुल इंटरव्हल ३६ दिवस ठेवा.

उलटंही घडतं. आधीच्या फुलची नोंद सापडली नाही, किंवा कोणी फाइलसेटमध्ये (काय काय घ्यायचं त्या यादीत) एखादा फोल्डर वाढवला, की बॅक्युला इन्क्रिमेंटलला आपण होऊन फुल करतं. ती फुल इन्क पूलमध्ये जाऊन बसली तर ४० दिवसांत उडेल आणि तिच्यावर उभ्या असलेल्या डिफरन्शियल निराधार होतील. यासाठी जॉबमध्ये फुल बॅकअप पूल, डिफरन्शियल बॅकअप पूल आणि इन्क्रिमेंटल बॅकअप पूल अशा तीन ओळी लिहायच्याच. मग प्रकार बदलला तरी बॅकअप योग्य पूलमध्ये जातो.

घड्याळ. मदरबोर्डवरचा सेल संपला आणि सर्व्हर दहा वर्षं पुढच्या तारखेत उठला, तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सगळ्या मुदती संपलेल्या असतात. ते प्रामाणिकपणे जुने व्हॉल्यूम मोकळे करायला घेतं. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) चालू ठेवा, आणि वेळ जुळल्यानंतरच बॅकअपची सेवा सुरू होईल असं बघा.

आणि क्लाउडचे लाइफसायकल नियम. बकेटमधल्या (क्लाउडवरच्या साठ्यातल्या) ३० दिवसांहून जुन्या वस्तू काढून टाका, असा नियम दोन क्लिकमध्ये लागतो, आणि तो सुरुवातीच्या स्क्रिप्टसारखंच वागतो. बॅकअप सॉफ्टवेअर लिहितं त्या बकेटला असा नियम लावू नका, मुदत त्या सॉफ्टवेअरलाच सांभाळू द्या. फुलच्या प्रती ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये टाकत असाल तर तिथे किमान १८० दिवसांचं भाडं द्यावंच लागतं, आधी डिलीट केलं तरी. ४० दिवसांच्या इन्क्रिमेंटल तिथे ठेवणं म्हणजे चार महिन्यांहून जास्त भाडं फुकट घालवणं. ऑब्जेक्ट लॉक (मुदत संपेपर्यंत फाइल पुसू न देणारं कुलूप) लावणार असाल तर आधी दोन दिवसांची मुदत देऊन चाचणी घ्या. कम्प्लायन्स प्रकारात लावलेली मुदत खात्याच्या मालकालाही कमी करता येत नाही. रॅन्समवेअरच्या दृष्टीने हेच तर हवं असतं, पण चारशेच्या जागी चार हजार टाइप झालं तर ते बिल भरतच राहावं लागेल.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

वीमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये साखळीचा विचार आतच केलेला असतो. ठरावीक दिवशी फुल आणि मध्ये इन्क्रिमेंटल अशा पद्धतीत अख्खी साखळी मुदतीबाहेर गेल्याशिवाय ते फुल काढत नाही. म्हणून १४ दिवस सांगून आठवड्याला फुल घेतली तर डिस्कवर जवळपास २० दिवसांचे बॅकअप दिसतात. त्याप्रमाणे जागा जास्त धरा.

रेस्टिक आणि बोर्गमध्ये वापरणाऱ्यासमोर साखळीच नसते. प्रत्येक स्नॅपशॉट (एका वेळचा बॅकअप) स्वतःत पूर्ण असतो, डेटाचे सारखे तुकडे आतल्या आत वाटून घेतलेले असतात. तिथे आपले आकडे थेट बसतात: रोजचे ३०, आठवड्याचे १३, महिन्याचे १२ ठेवा. जागा मात्र लगेच सुटत नाही. रेस्टिकमध्ये फर्गेटनंतर प्रून, आणि बोर्गमध्ये १.२ आवृत्तीपासून प्रूननंतर कॉम्पॅक्ट चालवावं लागतं. रेस्टिकमध्ये आणखी एक खाच आहे. ते स्नॅपशॉटचे गट मशीनचं नाव आणि फोल्डरचा पत्ता यांवरून पाडतं. सर्व्हरचं नाव बदललं की जुन्या नावाचा गट वेगळा पडतो, त्यात नवीन काही येत नाही आणि त्याचे स्नॅपशॉट मुदत उलटली तरी तसेच राहतात. सहा महिन्यांनी जागेचा हिशेब लागत नसेल तर आधी हे तपासा.

पायरी ७: काठावरचा रिस्टोअर

कालची फाइल परत आणून बघणं ही मुदतीची चाचणी नव्हे. मुदत तिच्या काठावर तपासायची असते. बॅकअप सुरू होऊन दोन महिने झाले की हे करा.

२८ ते ३० दिवसांपूर्वीचा एक शुक्रवार किंवा शनिवार निवडा. शनिवारच घेतलात तर उत्तम, कारण आठवड्याची सगळी साखळी त्याला लागते. त्या आठवड्यात सोमवारी बदललेली एक फाइल आणि शनिवारी बदललेली एक फाइल अशा दोन शोधा. बी-कन्सोलमध्ये रिस्टोअर देऊन ‘ठरावीक वेळेआधीचा बॅकअप’ हा पर्याय घ्या आणि त्या शनिवारचा बॅकअप झाल्यानंतरची वेळ टाका. बॅक्युला लागणाऱ्या जॉबची यादी दाखवतं. एक फुल, एक डिफरन्शियल आणि सहा इन्क्रिमेंटल दिसल्या पाहिजेत. तो आठवडा महिन्याच्या पहिल्या रविवारचा असेल तर डिफरन्शियल नसेल, तेही बरोबरच. आठच्या (पहिल्या आठवड्यात सातच्या) जागी पाच जॉब दिसले तर काहीतरी आधीच उडालंय.

फाइल्स मूळ जागी उतरवू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, नाहीतर चाचणीच आजचं काम पुसून टाकेल. दोन्ही फाइल्स उघडा. टॅलीचा डेटा असेल तर तो वेगळ्या मशीनवर उघडून त्या तारखेची शिल्लक छापील वहीशी जुळवा. बॅकअप चालू असताना टॅली उघडी राहिली असेल तर ती गडबड इथेच सापडते.

त्या शनिवारच्या आधी डिलीट झालेली एखादी फाइल परत आलेली दिसली तर घाबरू नका. ॲक्युरेट हे सेटिंग बंद असताना इन्क्रिमेंटलला डिलीट झालेल्या फाइल्स कळत नाहीत. जुनी तारीख असलेली फाइल दुसऱ्या फोल्डरमधून हलवून आणली असेल तर तीही इन्क्रिमेंटलमध्ये येत नाही, आणि हे जास्त धोक्याचं. ॲक्युरेट ‘येस’ करा. बॅकअपला मेमरी आणि वेळ थोडा जास्त लागेल.

ही चाचणी तीन महिन्यांनी ८५ दिवसांपूर्वीच्या एका डिफरन्शियलवर करा आणि वर्ष झालं की सगळ्यात जुन्या फुलवर. तीन्ही तारखा आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका. निवडलेली फाइल, जॉबची यादी आणि लागलेला वेळ एका वहीत लिहा. सर्व्हरवरचा डेटा दीडपट झाला, नवी शाखा जोडली गेली किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर बदललं, तर पायरी २पासून आकडे पुन्हा काढा. मुदत वाढवायची असेल तर व्हॉल्यूमची संख्या आणि डिस्क आधी वाढवा, मुदत नंतर. उलट क्रमाने केलंत तर मोकळा व्हॉल्यूम मिळत नाही, जॉब रात्रभर वाट बघत थांबतो आणि सकाळी बॅकअप झालेलाच नसतो.